‘पोहणारेच बुडतात’ असे घरात म्हणतात. मग मुलांना पोहायला पाठवू का?

वाचकाचे पत्र

नाशिक जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातून एका 36 वर्षांच्या वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश येथे देत आहोत. त्यांचे घर मळ्यातच आहे आणि घरापासून दीडशे पावलांवर चार वर्षांपूर्वी केलेले, प्लास्टिकच्या कागदाचे शेततळे आहे. मुलगी 13 वर्षांची, मुलगा 10 वर्षांचा. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या शिवारातील शेततळ्यात एक मुलगा पाय घसरून पडला आणि त्याला काढण्यासाठी वडिलांनी उडी घेतली. वडील पट्टीचे पोहणारे होते, तरीही दोघेही गेले. तेव्हापासून सासूबाई आणि पती यांनी मुलांना पाण्याकडे फिरकायचेही नाही अशी ताकीद दिली आहे. तालुक्याच्या गावी जलतरण तलावावर उन्हाळी वर्ग सुरू होत असून मुलाने हट्ट धरला आहे. मुलीलाही जायचे आहे, पण ‘तिला कशाला हवंय पोहणं?’ असे घरात म्हटले जाते. या भगिनींना स्वतःला पोहता येत नाही. त्या विचारतात: ‘शिकवलं तर मुलगा धीट होईल आणि एक दिवस तळ्यात उडी मारेल, नाही शिकवलं तर कधी पाय घसरला तर काय, या विचारानं झोप लागत नाही. दोन्हींत कमी धोक्याचं काय?’

उत्तर

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना मुख्य प्रश्नाच्या बरेच आधी आलेल्या एका वाक्याशी थांबले. ‘रात्री हे मोटार बंद करायला तळ्याकडे जातात, तेव्हा परत येईपर्यंत मी ओट्यावर उभी असते,’ असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे तुमच्या मनातली भीती केवळ मुलाच्या पोहण्याची नाही. ती त्या तळ्याची आहे, आणि ज्याला उत्तम पोहता येते अशा नवऱ्यासाठीही ती तुम्हाला वाटते. ही भीती रास्त आहे, आणि तिनेच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिलेले आहे.

माझे उत्तर आधीच सांगून टाकते. दोन्ही मुलांना पोहायला पाठवा, जमेल तशा तुम्हीही शिका. पण त्याआधी, याच आठवड्यात, तळ्यात पडलेल्या माणसाला हाताला धरून वर येता येईल अशी सोय करा. शिकवावे की दूर ठेवावे, असा प्रश्न घरात मांडला गेला की सगळी चर्चा मुलाच्या वागण्याभोवती फिरू लागते आणि ते तळे मात्र जसेच्या तसे उघडे राहते.

आता ‘पोहणारेच बुडतात’ या सासूबाईंच्या म्हणण्याकडे येते. ते खोडून काढण्याची मला घाई नाही, कारण ते त्यांच्या डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टींतून आलेले आहे. गावात कोणी बुडाल्याची बातमी आली की तिच्यामागोमाग ‘अहो, तो तर पट्टीचा पोहणारा होता’ हे वाक्य हमखास येते. या वाक्यातून एक गोष्ट मात्र निसटते. ज्याला पोहता येत नाही तो बहुधा आपण होऊन डोहात किंवा पुराच्या पाण्यात उतरत नाही. उतरतो तो पोहणारा, आणि म्हणून तिथे बुडालेल्यांमध्येही तोच दिसतो. घाटात दरीत गेलेल्या गाडीच्या चाकामागे गाडी चालवता येणारा माणूसच असतो, पण त्यावरून गाडी शिकणे वाईट असे कोणी म्हणत नाही. शिवाय पाय घसरून पडलेल्या, पोहता न येणाऱ्या माणसाबद्दल ‘त्याला पोहता येत नव्हतं’ एवढे बोलून लोक गप्प होतात. त्या मरणाचे कोणाला नवल वाटत नाही, म्हणून त्याची म्हण होत नाही.

शिकलेले मूल धीट होऊन जास्त धोक्यात पडते का, या तुमच्या नेमक्या शंकेची पारख बांगलादेशात फार मोठ्या प्रमाणावर झाली आहे. तिथे खेडोपाडी घराच्या अंगणालाच तळे लागून असते आणि लहान मुले बुडण्याचे प्रमाण भयंकर होते. तिथल्या ‘स्विमसेफ’ या कार्यक्रमात गावच्याच तळ्यात बांबूचे मचाण आणि कठडे बांधून, गावातल्याच प्रशिक्षित तरुण-तरुणींकडून चार वर्षांपुढच्या मुलांना तीन गोष्टी शिकवल्या गेल्या: 25 मीटर पोहणे, 30 सेकंद तरंगत राहणे आणि बुडणाऱ्याला काठावरूनच मदत करणे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिकलेल्या मुलांमध्ये बुडून मृत्यू होण्याचे प्रमाण न शिकलेल्या मुलांच्या तुलनेत 90 टक्क्यांहून अधिक घटलेले आढळले. ही मुले दररोज त्याच उघड्या तळ्यांच्या काठी वावरत होती. शिकण्याने त्यांच्यात फाजील धीटपणा आला असता, तर तो त्या आकड्यांत दिसला असता. जागतिक आरोग्य संघटनाही शाळकरी वयाच्या, म्हणजे सहा वर्षांपुढच्या मुलांना पोहणे आणि पाण्यातील सुरक्षितता शिकवण्याची शिफारस करते. तुमची दोन्ही मुले त्या वयाची आहेत.

एका बाबतीत मात्र तुमच्या यजमानांची भीती खरी आहे आणि ती मी पूर्णपणे मान्य करते. 21 दिवसांचा वर्ग संपवून आलेले मूल पोहायला ‘आलेले’ नसते. ते यायला लागलेले असते. स्वच्छ निळ्या पाण्यात तळ दिसतो, चार हातांवर कठडा असतो, शिट्टी घेतलेले गुरुजी काठावर असतात, आणि अशा ठिकाणी एक रुंदी पार केलेल्या मुलाला आपण सगळे पाणी जिंकले असे वाटते. पहिल्या काही महिन्यांतला हा आत्मविश्वास जपून हाताळावा लागतो. त्यासाठी वर्गात नाव घालण्याआधीच मुलाशी स्पष्ट बोलणे करावे: वर्ग चालू असताना आणि संपल्यावरही, मोठे पोहणारे माणूस सोबत असल्याशिवाय कुठल्याही पाण्यात उतरायचे नाही, आणि शेततळ्यात तर कोणीच, बाबांनीसुद्धा, पोहायचे नाही. हा दुसरा भाग बाबांनी स्वतः पाळला तरच मुलगा पाळेल.

शेततळ्याबद्दल एवढे कडक का बोलावे लागते, हे ज्याने बाहेर येण्याचा प्रयत्न करून पाहिला आहे त्यालाच नीट कळते. मी लहानपणापासून पोहते. काही वर्षांपूर्वी एका परिचितांच्या शेततळ्यात, कमरेला दोर बांधून आणि तो दोर काठावरच्या तीन माणसांच्या हाती देऊन, मी मुद्दाम उतरले. पाणी निम्म्यावर आले होते. उतारावरच्या काळ्या कागदावर शेवाळाचा बोटाला जाणवेल न जाणवेल असा पातळ थर होता. पोहत कडेला आले, तळवे टेकवले, गुडघा वर घेतला आणि जशी अंगाचा भार देऊ लागले तशी आवाजही न होता पुन्हा पाण्यात गेले. नखांनी धरायला सुरकुती शोधली, पण कागद ताणून बसवलेला होता. पालथी पडून, उताणी होऊन, कोपऱ्यात दोन्ही उतारांना पाय लावून, असे सगळे करून पाहिले. सातव्या-आठव्या प्रयत्नाला दंड थरथरू लागले आणि काठ डोळ्यांसमोर सहा हातांवर असताना आपण इथून निघू शकत नाही ही जाणीव झाली. मग मी हाक दिली आणि त्यांनी ओढून घेतले. त्या दिवशी मला समजले की तिथे पोहण्याचा प्रश्नच नसतो. पोहणारा माणूस तिथे दमेपर्यंत पोहतो आणि मग बुडतो. तुमच्या शेजारच्या वडिलांचे पोहणे कमी पडले नव्हते, ताई. त्यांना धरायला काही नव्हते.

म्हणून आधी तळे. ‘मागेल त्याला शेततळे’ या 2016 च्या योजनेपासून राज्यात गावोगावी शेततळी झाली आणि कोरडवाहू भागात त्यांनी बागा जगवल्या, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पाण्यावर होणाऱ्या एकूण खर्चाच्या मानाने सुरक्षेचा खर्च किरकोळ असतो. चारही बाजूंना अंगठ्याएवढ्या जाडीचे दोर सोडावेत आणि त्यांना ठरावीक अंतरावर मोठ्या गाठी माराव्यात. हे दोर कागद पुरलेल्या चरीच्या बाहेर, बांधात खोल ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांना बांधावेत आणि त्यांचे टोक तळाशी पोचेल इतकी लांबी ठेवावी. दोर पाण्याच्या पातळीपुरताच सोडण्याची चूक बरेच जण करतात. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जाते, उतार लांब होतो आणि नेमके तेव्हाच दोराचे टोक हाताला लागत नाही. एका बाजूला जुने टायर एकाखाली एक साखळीसारखे बांधून सोडले, तर ते शिडीचे काम करतात आणि दमलेल्या माणसाला त्यावर पाय ठेवून श्वास घेता येतो. उन्हाने दोर कुजतो, म्हणून पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा दोन माणसांनी पूर्ण ताकदीने ओढून त्याची परीक्षा घ्यावी.

दोरांइतकेच महत्त्व कुंपणाला आहे. मुलाला पाय ठेवून चढता येणार नाही अशी किमान चार-पाच फुटांची जाळी आणि कडी वरच्या बाजूला असलेले फाटक हवे. कुलूप लावलेले असावे, आणि किल्ली मुलांना माहीत असलेल्या खुंटीवर नसावी. काठावर एक लांब बांबू आणि झाकण घट्ट लावलेला वीस लिटरचा रिकामा कॅन, त्याला पंचवीस-तीस फूट दोरी बांधून, कायम ठेवावा. औषध फवारणीचा कॅन यासाठी वापरू नये. आणि यजमानांसाठी एक नियम, जो तुम्हाला रात्री ओट्यावर उभे राहण्यापासून सोडवेल: मोटारीचा स्टार्टर आणि चालू-बंद करण्याची कळ कुंपणाच्या बाहेर घ्यावी, फुटव्हॉल्व्ह (पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप) साफ करायला किंवा पाइप सरकवायला कोणीही एकट्याने जाऊ नये, आणि वीजपुरवठा बंद केल्याशिवाय पाण्यात हातही घालू नये.

आता ‘दूर ठेवले की सुरक्षित’ या समजुतीकडे पाहू. दहा वर्षांच्या मुलाला पाण्याची बंदी केली म्हणून तो पाण्याकडे जात नाही, असे होत नाही; तो न सांगता जातो. न सांगता जाणारी मुले मोठ्यांची वर्दळ नसलेली वेळ आणि जागा निवडतात, म्हणजे भर दुपार आणि गावाबाहेरचे पाणी. एखादा बुडू लागला की बाकीची घाबरून पळतात, कधी कपडेही झुडपात लपवतात आणि मार बसेल म्हणून संध्याकाळपर्यंत तोंड उघडत नाहीत. गावाकडच्या अशा किती हकिगतींमध्ये ‘आधी सांगितलं असतं तर’ हे वाक्य येते, ते आठवून पाहा. म्हणून एक गोष्ट दोन्ही मुलांना आजच समोर बसवून, शक्यतो सासूबाईंच्या देखत सांगा: पाण्यापाशी काही झाले आणि धावत येऊन सांगितले, तर कोणी रागावणार नाही, मारणार नाही, कधीही नाही. आणि हा शब्द पाळा.

याच्याशी जोडलेली आणखी एक समजूत म्हणजे ‘ओरडला असता तर ऐकू आलं असतं’. बुडणारे माणूस सहसा ओरडत नाही. त्याचे तोंड क्षणभर पाण्याबाहेर येते तेवढ्यात त्याला श्वासच घ्यायचा असतो, आवाज काढायला उसंत नसते. हात वर करून हलवण्याऐवजी ते आपोआप बाजूला पाणी दाबत राहतात, डोके मागे पडते, अंग उभे राहते, पाय चालत नाहीत. लांबून पाहणाऱ्याला मूल खेळते आहे असेच वाटते, आणि हे सारे बहुधा मिनिटाच्या आत संपते. त्यामुळे ‘मी इथंच भांडी घासत होते, कान तिकडेच होता’ ही राखण पुरत नाही. पाण्यात मूल असेल तर एका मोठ्या माणसाचे डोळे त्याच्यावर हवेत, हातात फोन नको, आणि नवशिक्या मुलाच्या बाबतीत ते माणूस हात पोचेल इतक्या अंतरावर हवे.

मुलीबद्दल तुम्ही पत्रात दोनच ओळी लिहिल्या आहेत. मला मात्र तिच्याविषयी जास्त बोलायचे आहे. ‘तिला कशाला हवंय पोहणं?’ या प्रश्नामागे पोहणे म्हणजे खेळ, हौस, उन्हाळ्याची मजा असे गृहीत धरलेले आहे. मुलगे पाण्याकडे खेळायला जातात हे खरे. मुली आणि बायका कामाला जातात. धुणे असते, पाणी भरणे असते, आणि घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर किंवा बंधाऱ्यावर न्यायच्या असतात. भिजलेली गोधडी किती जड होते ते तुम्हाला सांगायला नको. ती हातातून सुटते, प्रवाहात जाते, तिला धरायला एक पाऊल पुढे पडते आणि तिथे वाळू उपशाचा खड्डा असतो. एकीला धरायला दुसरी, दुसरीला धरायला तिसरी, अशा बातम्या आपण दर वर्षी वाचतो. अंगावर साडी किंवा पंजाबी ड्रेस असतो आणि पोहणे कोणालाच येत नसते. तुमच्या घरात तळ्याजवळ गेलेल्या धाकट्या भावाला बोलावून आणायला कोणाला पाठवतात? बहुधा तिलाच. मग संकटाच्या वेळी तिथे पहिली पोचणारीही तीच असणार.

कपड्यांचा प्रश्न असेल तर पूर्ण बाह्यांचे आणि घोट्यापर्यंतचे पोहण्याचे कपडे आता सहज मिळतात, आणि बऱ्याच तलावांवर महिलांसाठी वेगळी वेळ असते. नसेल तर चार-पाच जणींनी मिळून मागितल्यास ती मिळूही शकते. पाळीच्या दिवसांत विश्रांती घ्यायची की योग्य साधन वापरून पोहायचे हे तिला ठरवू द्यावे. त्यात अपायाचे काही नाही आणि चार दिवस चुकल्याने शिकणेही थांबत नाही. वर्ग संपत आला की शिक्षकांच्या परवानगीने आणि देखरेखीखाली दोघांनाही एकदा रोजच्या, धुतलेल्या सुती कपड्यांत पाण्यात उतरवून तरंगायला लावावे. माणसे बुडतात ती पोहण्याच्या कपड्यांत क्वचितच.

वर्ग कसा निवडावा? तुमचे यजमान म्हणतात की शिकवायचेच तर मीच विहिरीत ढकलतो, आम्ही असेच शिकलो. मीही विहिरीतच शिकले. चुलत्यांनी कमरेला रिकामा डबा बांधला होता. आमच्याआधीच्या पिढीत पांगाऱ्याचे वाळके लाकूड किंवा भोपळा बांधत. त्या पद्धतीत एक फार चांगली गोष्ट होती: शिकवणारे माणूस स्वतः पाण्यात, आपल्या शेजारी असे, आणि पाणी पहिल्या दिवसापासून खोल असल्याने उभे पोहणे आधी यायचे. ढकलून देण्यात मात्र काहीच चांगले नव्हते. त्यातून जी शिकली तीच आज ‘आम्ही असेच शिकलो’ म्हणायला आहेत. जी जन्मभर पाण्याला घाबरली ती बोलत नाहीत, आणि काही तर बोलायला उरलीच नाहीत. यजमानांच्या पोहण्याचा उपयोग वेगळा आहे. मुले शिकून आल्यावर आठवड्यातून एकदा तलावावर त्यांच्यासोबत उतरून सराव करून घेणारे माणूस तुमच्या घरातच आहे, हे तुमचे भाग्य समजा.

नाव घालण्याआधी एक सकाळ तलावावर जाऊन नुसते बघत बसा. शिकवणारे पाण्यात उतरतात की काठावरून ओरडतात, एका शिक्षकामागे किती मुले आहेत, शिकवण्याव्यतिरिक्त केवळ लक्ष ठेवणारा जीवरक्षक आहे का आणि त्याचे डोळे पाण्यावर आहेत की मोबाइलवर, खोली कठड्यावर रंगवलेली आहे का, तळ स्वच्छ दिसतो का. मे महिन्यात एका वेळी साठ-सत्तर मुले पाण्यात सोडलेली दिसली, तर जून उजाडेपर्यंत थांबा किंवा सकाळची पहिली वेळ घ्या. मुलाला फिट येत असेल, दमा असेल, कान फुटत असेल तर डॉक्टरांना विचारावे आणि शिक्षकांना स्पष्ट सांगावे. फिट येणाऱ्या मुलाने तर हाताच्या अंतरावर मोठे माणूस असल्याशिवाय कधीच पाण्यात राहू नये.

‘पोहायला आलं’ असे केव्हा म्हणावे, यासाठी मी पालकांना पाच गोष्टी पाहायला सांगते. डोक्यावरून पाणी जाईल अशा ठिकाणी उडी मारून किंवा पडून मूल आपण होऊन वर येते का. वर आल्यावर मिनिटभर उभे पोहत किंवा उताणे तरंगत राहते का. पूर्ण गिरकी घेऊन बाहेर पडण्याची जागा शोधते का. तिथपर्यंत न थांबता 25 मीटर पोहत जाते का. आणि शिडी न वापरता कठड्यावर चढून बाहेर येते का. यांतले उताणे तरंगणे मला सर्वांत मोलाचे वाटते. दम लागलेल्या, घाबरलेल्या माणसाला त्यानेच वेळ मिळतो, आणि कुठल्याही शर्यतीत त्याला पदक नसल्यामुळे वर्गात ते घाईने उरकले जाते. तुम्ही मागून घ्या. आणि पाचवी गोष्ट शेततळ्यात कोणालाच जमत नाही, हे मुलांना दोर दाखवून समजावून सांगा.

शेजारच्या त्या वडिलांचा विचार तुमच्या मनातून जात नसणार. माझ्याही जात नाही. आपले मूल पाण्यात दिसले की कोणताही बाप उडी मारेल. त्या क्षणी विचार करता येत नाही, म्हणून तो आधीच करून ठेवावा लागतो. आधी मोठ्याने ओरडून माणसे बोलवावीत, मग काठावर पालथे झोपून बांबू पुढे करावा, बांबू पुरत नसेल तर दोरी बांधलेला कॅन फेकावा. पाण्यात उतरणे हा शेवटचा मार्ग, आणि तोही कमरेला दोर बांधून, दोराचे दुसरे टोक काठावर पक्के असेल तरच. ऑगस्ट 2020 मध्ये तमिळनाडूच्या पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टरै धरणावर कपडे धुऊन निघालेल्या तीन बायकांनी बुडणाऱ्या तरुणांकडे आपल्या अंगावरच्या साड्या सोडून फेकल्या. चारपैकी दोघांना त्यांनी ओढून काढले. साडी, ओढणी, गायीचे दावे, जे हाती असेल ते चालते. हे तुमच्या मुलीने आणि तुम्ही काठावर उभे राहून दोन-तीनदा प्रत्यक्ष करून पाहा, कॅन नेमका कुठे पडतो ते बघा.

बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबणे, त्याला उलटे धरून फिरवणे, मडक्यावर पालथे घालणे, हे सगळे आपल्याकडे अजून होते आणि त्यात जीव वाचवण्याची मिनिटे वाया जातात. पोट दाबल्याने पोटातले अन्न-पाणी वर येऊन श्वासनलिकेत जाते. बुडालेल्याच्या शरीरात कमी पडलेला असतो तो प्राणवायू. त्याला सपाट, कठीण जमिनीवर उताणे निजवावे आणि श्वास चालू आहे का पाहावे. चालू नसेल तर एकाला 108 ला फोन करायला सांगून, डोके मागे झुकवून हनुवटी वर उचलावी, नाक दाबून तोंडाने तोंडात छाती वर येईल असे पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 या वेगाने 30 दाब आणि 2 श्वास, असे मदत येईपर्यंत थांबू नये. दाब मोठ्या माणसाला सुमारे पाच सेंटिमीटर आणि मुलाला छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश असावा. उलटी आली तर कुशीवर वळवून तोंड साफ करावे आणि पुन्हा सुरू करावे. शुद्धीवर आला, बोलू लागला तरीही दवाखान्यात न्यावेच, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. हे वाचून येत नाही. बाहुलीवर हाताने करून पाहावे लागते. 25 जुलै हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस आहे, आणि तो नेमका आपल्याकडे तळी भरण्याच्या दिवसांत येतो. गावच्या शाळेत त्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातून कोणाला बोलावून प्रात्यक्षिक ठेवावे, असे तुम्ही मुख्याध्यापकांना सुचवू शकता.

ज्या वाचकांची मुले याहून लहान आहेत, त्यांच्यासाठी एवढेच: रांगणाऱ्या आणि नुकत्याच चालू लागलेल्या मुलाला बुडायला वीतभर पाणी पुरते. बादली रिकामी करून पालथी ठेवावी, हौद आणि जमिनीतल्या टाकीवर जड झाकण असावे, आणि चार वर्षांच्या आतल्या मुलाला शिकवले असले तरी त्या शिकण्यावर विसंबू नये.

घरात हे कसे मांडावे, हा तुमच्यापुढचा खरा अवघड भाग आहे. वादाची सुरुवात वर्गाच्या फीपासून करू नका; ती तळ्यापासून करा. ‘तुम्ही रात्री जाता तेव्हा मला भीती वाटते’ हे वाक्य तुम्ही मला लिहिले, ते यजमानांना कधी म्हटले आहे का? दोर आणि कुंपण यांना सासूबाईंचा विरोध असण्याचे कारण नाही. त्यांच्या भीतीचाच तो मान आहे. ते काम झाले की, आता मुलांनाही तयार करू, हे म्हणणे सोपे जाईल, आणि सासूबाईंना एक दिवस सोबत तलावावर न्या. काठावर बसून नातवाला उताणे तरंगताना पाहिलेली आजी आणि केवळ बातम्या ऐकलेली आजी यांच्या मतांत फरक पडलेला मी पाहिला आहे.

येत्या रविवारी दोर आणायला यजमान तालुक्याला जातील तेव्हा दोन्ही मुलांना सोबत पाठवा. गाठी त्यांनाच मारू द्या. आणि दोन गाठींमधले अंतर मोठ्यांच्या हाताने मोजू नका. धाकट्याला बांधाच्या उतारावर, कोरड्या जागी पालथे निजवून, त्याचा हात जिथवर सहज पोचतो तिथे पुढची गाठ घ्या.